तिनं रेडिओला विचारलेला प्रश्न

मालिकेवरून पहिली मारामारी झाली ती डब्याच्या सुट्टीत. कापडाच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवरच्या पोरीनं स्टीलच्या डब्याचं झाकण भिरकावलं आणि ते मावशींच्या भुवईवर बसलं. रक्त आलं. मावशींनी ते पदरानं पुसलं, शांतपणे उठल्या आणि त्या पोरीच्या अशी एक कानाखाली दिली की तिचा झुमका उडून मशीनखाली गेला. मग दोघी एकमेकींच्या झिंज्या धरून कापलेल्या कापडाच्या ढिगावर कोसळल्या. आम्ही चौघींनी ओढून त्यांना वेगळं केलं. भांडण कशावरून, तर रेडिओवरच्या एका बाईनं पोटातलं मूल ठेवावं की पाडावं यावरून. आणि ती बाई खरी नव्हतीच.

येरवड्यातल्या एका शिलाई कारखान्यात मी नऊ वर्षं सुपरवायझर होते. कारखाना म्हणजे प्लायवूडच्या दुकानावरचा एक लांबट हॉल, चौदा मशिनी, एक कटिंगचं टेबल आणि खिडकीपाशी इस्त्रीचा कट्टा. आम्ही शाळांचे युनिफॉर्म शिवायचो. मालकीणबाई शनिवार पेठेतून स्कूटरवरून यायच्या, माल बघायच्या आणि जायच्या. बाकी दिवसभर आम्ही बायकाच. भिंतीवरच्या खिळ्याला एक रेडिओ टांगलेला असायचा आणि दुपारी दीड वाजता त्यावर मालिका लागायची. पंधरा मिनिटांची. खेड्यातल्या बायकांसाठी म्हणून एका लहानशा केंद्रानं काढलेली.

धरणाच्या काठावरचं एक गाव. तिथली एकेचाळीस वर्षांची एक बाई. कोंबड्या पाळणारी, ग्रामपंचायतीत निवडून आलेली. थोरल्या मुलीचं लग्न ठरलेलं. आपली पाळी कायमची गेली असं समजून बसलेल्या त्या बाईला दिवस गेले. इथपर्यंत मालिका आली आणि आमच्या हॉलमध्ये आग लागली.

"पाडावं तिनं," ओव्हरलॉकवाली म्हणाली होती. तिचं गाव लोहगावच्या पलीकडचं. आता ते शहरात धरलं जातं, पण तिची जीभ गावातच राहिली होती. "पोरीच्या लग्नात आई पोट पुढं काढून अक्षता टाकनार व्हय? लोक थुकतील."

"लोकांच्या थुंकीसाठी जीव मारायचा?" मावशी म्हणाल्या. मावशी आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या. शिवून झालेल्या कपड्यांचे धागे कापायचं काम त्यांच्याकडे होतं.

"जीव कुठं असतोय एवढ्यात? तुमाला काय कळतंय?"

"मला सहा झाली. तीन राहिली. तुझी किती झाली गं?"

त्या पोरीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. मावशींना ते माहीत होतं. झाकण उडालं ते त्यावर.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई आल्या, मावशींच्या भुवईवरची पट्टी पाहिली आणि मला म्हणाल्या, "आपण इथे गणवेश शिवतो असा माझा समज होता. आखाडा काढायचा असेल तर आधी कळवा, माती टाकून घेऊ."

रेडिओ मात्र बंद केला नाही. तो बंद केला असता तर चौदाही मशिनी थांबल्या असत्या.

त्यानंतरचे दोन-तीन आठवडे मला आठवतात ते आवाजांसकट. आम्ही त्या रेडिओवरच्या बाईबद्दल बोलायचो आणि प्रत्येकीच्या तोंडून आपलं स्वतःचं काहीतरी बाहेर पडायचं. ते सांगताना हातातल्या कात्रीचा वेग वाढायचा. मावशींनी एका दुपारी त्यांच्या नणंदेचं सांगितलं. नणंद कुवार होती. गावातल्या एका बाईनं तिच्या पोटातलं काढण्यासाठी झाडाची मुळी वापरली. "ती ओरडायला लागली. शेजारी ऐकतील म्हणून सासूनं मला तिचं तोंड दाबायला सांगितलं. मी पदराचा बोळा कोंबला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. तिनं माझ्या मनगटाला नखं मारली, ही बघा." आम्ही पाहिली. जुने, पांढरे पडलेले वण होते ते. "तिसऱ्या दिवशी गेली. म्हणून मी म्हणते, ठेवावं."

ओव्हरलॉकवालीनं उठून मावशींच्या वाटणीचे चार गठ्ठे स्वतःच्या मशीनपाशी ओढून घेतले.

मी माझं सांगितलं नाही. मी सुपरवायझर होते, मला थोडं वर राहायचं होतं. पण आज लिहिते आहे तर सांगते. माझा नवरा लग्नानंतर सहा वर्षं मला मारायचा. पट्ट्यानं, हातानं, एकदा पाण्याच्या कळशीनं. मी दुसऱ्या खेपेला पोटुशी असताना त्यानं मला मोरीच्या कठड्यावर ढकललं आणि ते मूल राहिलं नाही. मग एके दिवशी त्यानं मारायचं थांबवलं. का थांबवलं ते मी विचारलं नव्हतं. पाऊस थांबला की माणूस ढगाला कारण विचारत नाही, छत्री मिटतो.

मालिकेतली आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, ज्या दिवशी त्या बाईच्या घरी आली, त्या दिवसापासून आमच्या गोष्टीनं वळण घेतलं. आशाताई तिला म्हणाली, "तुझं तू ठरव. दवाखान्यात तुझी सही पुरते. नवऱ्याची लागत नाही."

"काहीही सांगतात," मावशी म्हणाल्या.

"लागतीच," ओव्हरलॉकवाली म्हणाली. "माझ्या जावंला परत पाठवलं हुतं."

आणि काज करायचं मशीन थांबलं. त्या मशीनवर एक बाई बसायची, बत्तीस-तेहतीस वर्षांची. तिला आम्ही सगळ्या काजवालीच म्हणायचो. शर्टाला बटणाची भोकं पाडायची आणि खाली मान घालून बसायचं, एवढंच तिचं. मालिकेच्या भांडणात तिनं एकदाही तोंड उघडलं नव्हतं. ती म्हणाली, "खरंच नाही लागत?"

तिला दोन मुली होत्या. नवरा रिक्षा चालवायचा. त्याला मुलगा हवा होता, हे ती नव्हे, तिची थोरली मुलगी आम्हाला सांगून गेली होती, एकदा आईबरोबर आली असताना. तिनं तो प्रश्न विचारला आणि मी तिच्याकडे पाहिलं. तिनं ओढणी पोटावर ओढून घेतली. मला कळलं.

संध्याकाळी मशिनी झाकताना मी तिला विचारलं, "किती झाले?"

"दोन महिन्यांच्या वर."

"त्याला माहितीये?"

तिनं नकारार्थी मान हलवली. "सांगितलं तर तो पेढे वाटेल. मग मला नाही म्हणता येणार नाही. ताई, मला नको आहे. दुसरीच्या वेळेला मी मरता मरता वाचले. पण दवाखान्यात त्याला बोलावलं तर?"

इथे मी जे केलं ते मला नीट सांगितलं पाहिजे. मी तिला एखाद्या डॉक्टरकडे नेऊ शकले असते. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दर महिन्याला एक वकीलबाई यायच्या, त्यांना विचारू शकले असते. पण त्या रेडिओ केंद्राचा एक नंबर होता, त्यावर श्रोत्यांनी आपला आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा आणि दर शुक्रवारी मालिकेनंतर ते निवडक आवाज ऐकवायचे, प्रश्नांना उत्तरं द्यायचे. माझा आवाज त्यांनी दोनदा ऐकवला होता. वस्तीत लोक मला त्यावरून ओळखायला लागले होते. मला त्याची चटक लागली होती. मी म्हणाले, "आपण रेडिओला विचारू. नाव सांगायचं नाही."

हॉलमागच्या कापडाच्या खोलीत, गठ्ठ्यांच्या मधे उभं राहून, माझ्या फोनवर तिनं विचारलं. तिनं ओढणी तोंडावर धरली होती. मी ऐकून बघितलं, आवाज घोगरा येत होता. मी म्हणाले, "ओढणी काढ. असं पुटपुटलेलं ते घेत नाहीत."

तिनं ओढणी काढली आणि स्पष्ट विचारलं: "मालिकेतल्या बाईचं ठीक आहे, पण माझ्यासारख्या खऱ्या बाईला नको असेल तर? नवऱ्याची सही खरंच लागत नाही का? आणि ते त्याला कळवतात का?"

शुक्रवारी तो आवाज लागला.

हॉलमध्ये सगळ्या मशिनी बंद होत्या. काजवाली तिच्या स्टुलावर बसली होती, हात मांडीखाली दाबून. तिचा आवाज रेडिओतून आला तेव्हा ओव्हरलॉकवालीनं आधी रेडिओकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तोंडावर हात धरला. मग केंद्रावर बोलावलेल्या एक डॉक्टरबाई बोलल्या. बाई सज्ञान असेल तर तिचीच सही लागते. नवऱ्याची नाही. आणि ही गोष्ट गुप्त ठेवायची असते, कुणाला कळवायची नसते. त्यांनी दोनदा सांगितलं, सावकाश, खेड्यातल्या बाईला सांगावं तसं.

काजवाली हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहत होते, तिचा वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. मावशी उठल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवून परत जागेवर जाऊन बसल्या. ठेवावं म्हणणाऱ्या मावशी.

आम्हाला एक गोष्ट सुचली नव्हती. ही मालिका फक्त बायकाच ऐकतात असं आम्ही धरून चाललो होतो. रिक्षा स्टँडवर दुपारी गिऱ्हाईक नसतं. तिथले पुरुष एका रिक्षात रेडिओ लावून तीच मालिका ऐकायचे, त्या बाईनं काय करावं यावर आमच्यासारखेच भांडायचे. काजवाली रोज सकाळी कामावर येताना त्या स्टँडवर नवऱ्याचा डबा देऊन यायची, चार शब्द बोलायची. तिचा आवाज तिथल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता. कुणीतरी म्हणालं असणार, अरे, ही तर वहिनी.

अर्ध्या तासानं जिन्यावर पावलं वाजली. खाली रिक्षाचं इंजिन चालूच होतं. तो दारात आला. खाकी शर्ट, घामानं ओला. त्यानं मला नमस्कार केला, खरंच केला, आणि म्हणाला, "ताई, माझी बायको कुठंय?"

ती उभी राहिली. तो चालत गेला, तिची वेणी हाताला गुंडाळली आणि तिचं डोकं काजाच्या मशीनवर आपटलं. एकदा. मग पुन्हा. मशीनचा बल्ब फुटला. तो ओरडत नव्हता, दात आवळून बोलत होता. "माझा पोरगा मारतीस? सगळ्या स्टँडसमोर? रेडिओवर?" प्रत्येक शब्दाला एक. ती खाली बसली तेव्हा त्यानं पोटात लाथ घातली. तिनं गुडघे वर घेतले म्हणून लाथ नडगीवर बसली.

हॉलमध्ये किंकाळ्या. ओव्हरलॉकवालीनं रिळांनी भरलेली लाकडी पेटी उचलून त्याच्या पाठीत घातली. पेटी फुटली, रिळं चारी दिशांना घरंगळली. तो हललाही नाही. मावशी जमिनीवर बसून त्याच्या पायाला दोन्ही हातांनी विळखा घालून राहिल्या आणि त्याच्या पोटरीला चावल्या. त्यानं पाय झटकला, मावशी टेबलाच्या पायावर जाऊन आदळल्या. पण वेणी त्याच्या हातातच होती. तो तिला वेणीला धरून जिन्याकडे ओढत न्यायला लागला.

मी इस्त्रीच्या कट्ट्यापाशी होते. कारखान्याची इस्त्री जड असते, वाफेची, दिवसभर तापलेली. मी ती उचलली. नळी ताणली गेली, पुरली. वेणी धरलेल्या हातावर मी ती टेकवली.

तो ओरडला. हात उघडला. वेणी सुटली, काजवाली सरपटत मशीनखाली गेली. तो मागे सरकून भिंतीला टेकला, भाजलेला हात दुसऱ्या हातानं धरून.

तिथे थांबायला हवं होतं. मी दोन पावलं पुढे गेले आणि त्याच हातावर इस्त्री पुन्हा ठेवली. ठेवली आणि दाबली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तो माझ्याकडे बघत होता आणि मला वास येत होता. मला राग आला नव्हता. मला बरं वाटत होतं. तहान लागल्यावर पाणी पिताना वाटतं तसं. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मागून ओव्हरलॉकवालीनं माझी कंबर धरून मला ओढलं तेव्हा इस्त्री खाली पडली आणि फरशी तडकली.

खालचे प्लायवूडवाले वर आले, त्यांनी त्याला धरून नेलं. पोलीस चौकीत आम्ही सगळे समोरासमोर बसलो. तिच्या कपाळाला रुमाल, त्याच्या हाताला ओलं फडकं. हवालदारबाई लिहीत होत्या. त्यांनी त्याला विचारलं, हात कशानं भाजला?

मी बोलणार होते. तो म्हणाला, "झटापटीत इस्त्री पडली."

हवालदारबाईंनी माझ्याकडे बघितलं. "पडली?"

मी म्हणाले, "पडली."

त्याला वाचवायचं होतं ते स्वतःला, मला माहीत होतं. त्यानं माझी तक्रार केली असती तर त्याचंही प्रकरण वाढलं असतं. तरी त्या एका शब्दानं आम्ही दोघं एकाच बाजूचे झालो.

तिथून तिला दवाखान्यात नेलं. कपाळाला पाच टाके. मग सोनोग्राफी. ठोके व्यवस्थित होते. हे सांगणाऱ्या बाईंना वाटलं आम्ही सुटकेचा श्वास टाकू. काजवाली म्हणाली, "मला नको आहे. मला ते आत्ता करायचंय."

ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होता. त्याला लाथ, टाके, सगळं माहीत होतं. तरी तो म्हणाला, "मिस्टरांना घेऊन या. त्यांची सही लागेल."

"लागत नाही," ती म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"रेडिओवर सांगितलं."

तो हसला. मी त्याच्या टेबलावर हात आपटला. पाण्याचा पेला सांडला, कागद भिजले. वॉर्डबॉय धावत आला. मी काय काय बोलले ते आठवत नाही, पण मोठ्यानं बोलले असणार, कारण आतून एक वयस्क डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी मला बाजूला बसवलं आणि तिला एकटीला आत नेऊन अर्धा तास बोलल्या. बाहेर आल्यावर त्या तरुण डॉक्टरला म्हणाल्या, "फॉर्म द्या यांना. आणि वाचत जा अधूनमधून." तिनं सही केली. तिसरीपर्यंत शिकलेली बाई, प्रत्येक अक्षर सुटं काढत होती. आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी यायला सांगितलं. ते व्यवस्थित पार पडलं.

पण त्याच्या आदल्या संध्याकाळी, बाकावर बसून टाक्यांवरच्या गोळ्यांची वाट बघताना, ती मला म्हणाली, "ताई, पहिल्यांदा लावलीत तेव्हाच त्यानं वेणी सोडली होती."

"हो."

"मी मशीनखालून बघत होते. मग पुन्हा कशाला लावलीत?"

मी हातातल्या केसपेपरची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"त्या हातानं तो पोरींच्या वेण्या घालतो," ती म्हणाली. "सकाळी मला सवड नसते. तोच घालतो. घट्ट येतात त्याच्या." मग बराच वेळ ती रडली. कोणासाठी ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

मी घरी गेले तेव्हा नवरा भाकरी थापत होता. आता तो थापतो, कधी कधी. मी हात धुतले आणि सांडशीनं तव्याची कड धरून तवा उतरवायला गेले. तो एक पाऊल मागे सरला. बातमी वस्तीत माझ्याआधी पोचली होती. एवढ्या वर्षांत माझ्या हाताला घाबरून मागे सरलेला तो मी पहिल्यांदा पाहिला, आणि मला पुन्हा तसंच बरं वाटलं. त्याचीच मला भीती वाटली.

मी तवा खाली ठेवला. विचारलं, "तुम्ही मारायचं का थांबवलंत?"

तो पिठाच्या हातांनी उभा राहिला. म्हणाला, "आपली पोरगी तीन वर्षांची होती. तू कामाला गेली होतीस. ती बाहुलीला भिंतीवर आपटत होती आणि म्हणत होती, परत बोलशील? परत बोलशील? माझ्याच आवाजात." मग म्हणाला, "तुला सांगणार होतो."

"केव्हा?"

त्यानं हाताला चिकटलेलं पीठ चोळून काढलं. तव्यातली भाकरी करपली होती, ती आम्ही दोघांनी वाटून खाल्ली. माफ केलं असं काही झालं नाही. जे झालं ते एवढंच.

काजवाली कामावर आली नाही. आम्ही सगळ्या वाट बघत होतो ती मालिकेतल्या बाईनं काय ठरवलं याची, कारण तिचं अजून ठरत नव्हतं. कथा लांबवत होते. शेवटी दहा-बारा दिवसांनी तो भाग आला. ती बाई पहाटे खुराड्यापाशी गेली, शेणाच्या ओल्या जमिनीवर पाय घसरला, पडली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बाळ राहिलं नाही. नवरा रडला. सासू रडली. मागे उदास सनई वाजली.

मग मावशी उठल्या. खिळ्यावरून रेडिओ काढला, दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलला आणि फरशीवर आपटला. मग चपलेनं ठेचला. "घसरली म्हणे," त्या म्हणत होत्या. "घसरली! म्हणजे कुणालाच काही ठरवावं लागलं नाही. ना तिला, ना नवऱ्याला, ना या रेडिओवाल्यांना." त्यांच्या पायाला तार लागून रक्त आलं तरी त्या ठेचत होत्या. "माझी नणंद नव्हती घसरली. ही इथली पोरगी नव्हती घसरली."

ओव्हरलॉकवालीनं त्यांना अडवलं नाही. तिनं माझा फोन मागितला आणि केंद्राला आवाज पाठवला. "तुमच्या लेखकाला हिकडं येरवड्याला पाठवा. आमचा जिना लय चांगला हाय. त्याला वरनं ढकलतो आन् मंग इचारतो, घसरून कसं वाटतंय." पुढे ती आणखी बरंच बोलली. शुक्रवारी आम्ही तो तिच्या फोनवर ऐकला. त्यांनी मधले सात-आठ शब्द गाळले होते, बाकी सगळं ऐकवलं. निवेदिका म्हणाली, असे खूप संदेश आले आहेत आणि त्यातले बरेचसे पुरुषांचेही आहेत.

मालकीणबाईंनी रेडिओचे तुकडे पाहिले. "आता दुपारी कोण बोलणार? तुम्हीच बोला," म्हणाल्या. बरोबर होतं ते. रेडिओ परत आला नाही आणि आम्ही दुपारी बोलत राहिलो, आधीपेक्षा हळू आवाजात.

काजवाली दोन मुलींना घेऊन विश्रांतवाडीत बहिणीच्या घराजवळ खोली करून राहायला लागली. एका बेकरीत तिला काम मिळालं. नवऱ्यावर तिनं कोर्टात काही केलं नाही, पण परतही गेली नाही. तो रविवारी येतो, खाली गेटपाशी उभा राहतो, मुली त्याला भेटून वर येतात. हे सगळं मला तिच्या बहिणीकडून कळलं. चार महिन्यांनी मी तिला भेटायला गेले. मुलींसाठी बुधवार पेठेतून रंगीत खडूंचा डबा आणि चित्रांची वही घेतली होती.

तिनंच दार उघडलं. टाक्यांची खूण भुवईपासून केसांपर्यंत गेलेली. तिनं मला बसायला सतरंजी टाकली, चहा ठेवला. थोरली मुलगी अभ्यास करत होती, ती वही-पेन्सिल घेऊन तशीच स्वयंपाकाच्या कोपऱ्यात आईच्या पायांशी जाऊन बसली. धाकटी दाराआडून माझ्या हातांकडे बघत होती. मी खडूंचा डबा पुढे केला. ती आत पळाली आणि आतून तिचा आवाज आला, "आई, ती बाई आली. बाबाला भाजणारी."

काजवालीनं तिला गप्प केलं. आम्ही चहा प्यायलो. बेकरीत काय काय करतात ते तिनं सांगितलं. ओव्हरलॉकवालीला दिवस गेल्याचं मी सांगितलं, ती हसली. मग मला पोचवायला जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही केलंत ते मी विसरणार नाही. तुम्ही नसता तर त्यानं मला त्या जिन्यावरून खाली नेलं असतं."

मी काहीतरी म्हणाले.

"पण आता इकडे नका येऊ," ती म्हणाली. "पोरी घाबरतात."

खडूंचा डबा तिनं ठेवून घेतला. मी जिना उतरले. गेटपाशी भाजीची गाडी उभी होती, मी उगाचच मेथीची एक जुडी घेतली आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले.